सहा नंबरचा पाय

कारखान्यात तिला नावानं कुणी हाक मारत नसे. मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांची ती 'सहा नंबर'. बायकांच्या बुटांचा पहिला नमुना सहा नंबरात करायची तिथली रीत, आणि हिचा पाय इतका नेमका सहा नंबरचा, की आधी फर्मा घडवला आणि मग त्यावरून देवानं हिचं पाऊल बेतलं, असं फर्मेवाला म्हणायचा. फर्मा म्हणजे लाकडी पाऊल. त्यावर चामडं ताणायचं, बारीक खिळ्यांनी ठोकायचं, आणि बूट उभा राहिला की खिळे उपसून तळ चिकटवायचा. हे काम फर्मेवाल्याचं. उभा राहिलेला बूट पायात घालून तो माणसाच्या लायकीचा आहे की नाही हे सांगायचं, हे काम हिचं.

नमुना तयार झाला की यंत्रं जरा थांबायची. ती स्टुलावर बसून बूट चढवायची आणि कापणीच्या टेबलापासून खिडकीपर्यंत चालत जायची, परत यायची, मग जिना चढून उतरायची. चालताना तिचा चेहरा असा, की जणू कुणाची तरी साक्ष ऐकते आहे. मग निकाल. "डाव्या करंगळीला चावतोय." "टाच उचलतेय." "तळव्याखाली शिवण लागतेय, झोपेतसुद्धा लागेल." त्यावर अपील नाही. दुकानांसाठी माल घेणारी खरेदीवाली बाई एरवी कुणाच्या बापाचं ऐकणारी नव्हती, पण तीसुद्धा आल्या आल्या विचारायची, "सहा नंबर काय म्हणते?"

या मानाची तिला मस्ती होती, आणि ती मस्ती ती लपवतही नव्हती. एकदा एका नव्या कारागिरानं नमुना तिच्या हाती द्यायच्या आधी आत हात घालून चाचपला, तर ही कडाडली, "ती काय पिशवी आहे का रे हात घालायला? बूट पायात घालायचा असतो!" सगळे हसले, आणि त्या दिवसापासून नियमच पडला. सहा नंबरच्या आधी नमुन्यात हात घालायचा नाही. हात घातला म्हणजे फर्मेवाल्याच्या कामावर शंका आणि हिच्या पायावर अविश्वास, असा दुहेरी अपमान. दुसऱ्या कुठल्या कारखान्यात हा वेडेपणा चालला नसता. इथे तो शिस्त म्हणून चालला.

साखरेचा आजार तिला चाळिशी संपता संपता जडला होता. गोळ्या ती घ्यायची, पण जसा नातेवाइकांचा सल्ला घ्यावा तशा, म्हणजे समोर कुणी असलं तर. काही वर्षांनी तळव्यांना मुंग्या यायला लागल्या. मग आग व्हायला लागली. आणि मग एक दिवस आग थांबली, तर बाई खूश झाली, की चला, बरं झालं एकदाचं! ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. हिचं जळत होतं आणि कळायचंच बंद झालं होतं. एकदा भर रस्त्यात चप्पल पायातून निघून मागे राहिली आणि ही तशीच पुढे. मागून एक बाई ओरडली, "अहो, चप्पल राहिली तुमची!" हिनं वळून बघितलं, पाय बघितला, आणि हसून म्हणाली, "जुनी झाली होती, सोडली." घरी येऊन मात्र ती बराच वेळ पाय हातात घेऊन बसली. कुणाला सांगायची सोय नव्हती. ज्या बाईचा पायच तिची भाकर, तिनं पाय मुका झालाय हे सांगायचं कुणाला?

म्हणून तिनं ते दाबलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. चामड्याला सुरकुती कुठे पडते ते ती बघायची, बूट कुठे कुरकुरतो ते ऐकायची, जिना उतरताना गुडघा काय सांगतो ते धरायची, आणि अंदाजानं निकाल द्यायची. इतक्या वर्षांची मुरलेली बाई, अंदाज बरोबर यायचे. फर्मेवाल्यालासुद्धा संशय आला नाही.

मग उंच बुटांचा नमुना आला. आत पांढरं मऊ अस्तर. ती चालली, जिना चढली, उतरली, वर गिरकी घेऊन म्हणाली, "रेशीम आहे रेशीम! पास." स्टुलावर बसून तिनं उजवा बूट ओढला, आणि अस्तर लाल. मोजा लाल. फर्मेवाल्याचा उपसायचा राहिलेला एक खिळा आतल्या तळातून वर आला होता आणि तिच्या टाचेत पुरता रुतला होता.

फर्मेवाला मटकन खाली बसला. "ताई, माझ्या हातून राहिला. माझे हात तोडा." पन्नाशीचा गडी, मिशांसकट रडायला लागला. तिनं टाचेकडे बघितलं. या खिळ्यावर आपण जिना चढलो, उतरलो, गिरकी घेतली. त्या क्षणी ती जन्मात घाबरली नव्हती तेवढी घाबरली, पण तोंड तिचंच होतं. "तू कशाला रडतोस? टाच माझी आहे. आणि रेशीम म्हणाले ते मी." कारखान्यात मात्र कुणी हसलं नाही. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं.

तिच्या भीतीला एक चेहरा होता, तिच्या आईचा. आईलाही हाच आजार. आईचं बोट गेलं, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. "तू बसून राहा, आम्ही आहोत ना," असं घरच्यांनी प्रेमानं सांगितलं, आणि आई खिडकीशी हात असलेल्या एका खुर्चीत बसली ती बसलीच. ती खुर्ची अजून घरात होती. दवाखान्यातून ही टाचेला पट्टी बांधून घरी आली, तर नवऱ्यानं तीच खुर्ची पुसून, उशी ठेवून, खिडकीशी लावलेली.

"अगं, आता तू काही करायचं नाहीस," तो म्हणाला. "बसायचं. मी आहे ना."

"अहो, या खुर्चीनं माझी आई खाल्ली," ती म्हणाली. "तिला माळ्यावर टाका, नाहीतर मी लंगडत जाऊन खाली फेकते. मग खालून जाणाऱ्याच्या डोक्यात पडली तर निस्तरा तुम्ही."

नवरा गरीब स्वभावाचा. त्यानं खुर्ची माळ्यावर टाकली आणि स्वयंपाकघरातलं साधं लाकडी स्टूल आणून ठेवलं. तिच्यावर त्याचा जीव होता, आणि हीच त्याची अडचण होती.

पट्टी बदलायला गेली तेव्हा भेटलेली दवाखान्यातली डॉक्टर शांत, पण ऐकून घेणारी नव्हती. तिनं आधी डोळे मिटायला लावले आणि नायलॉनच्या जाड धाग्याचं टोक तळव्यावर ठिकठिकाणी टेकवलं. "कळलं की सांगा." सहा नंबरनं बराच वेळ वाट बघितली. मग वैतागून म्हणाली, "सुरू करा की आता!"

"झालंसुद्धा," डॉक्टर म्हणाली.

घोट्यापर्यंत काही कळत नव्हतं. टाइप टू मधुमेहात रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की नसा खराब होतात, आणि सगळ्यात लांबच्या नसा आधी, म्हणजे पायांच्या, असं डॉक्टरनं सांगितलं. जखम भरेपर्यंत टाच टेकवायची नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत. पाय रोज बघायचा, आरसा खाली धरून. हे सगळं तिनं खाली मान घालून ऐकलं, कारण यातलं निम्मं तिला आधीही सांगून झालं होतं. मग डॉक्टर म्हणाली, "एक अभ्यास चाललाय आमचा. तुमचं रक्त देणार का?"

"कशाला? आधीच त्या बुटात सांडून आलेय."

डॉक्टर पहिल्यांदा हसली. म्हणाली, "स्नायू काही नुसते ओझं उचलायला नसतात. ते कामाला लागले की रक्तात निरोप धाडतात. त्यातलं एक संप्रेरक आहे, आयरिसिन नावाचं. ज्या मधुमेहींच्या नसा बिघडल्यात, त्यांच्या रक्तात ते कमी दिसतं, असं काही अभ्यासांत आढळलंय. आमच्याकडेही तसंच दिसतं का, ते बघायचंय."

"म्हणजे ते कमी झालं म्हणून पाय मेला?"

"ते माहीत नाही. कदाचित नसा बिघडल्यामुळे माणूस चालायचा थांबतो, स्नायू रोडावतात, आणि मग ते कमी होतं. कोंबडी आधी की अंडं आधी, ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही."

"आणि मी स्नायू कामाला लावले, तर पाय परत बोलेल?"

"असं वचन मी देणार नाही," डॉक्टर म्हणाली. "कुणी दिलं तर विश्वास ठेवू नका. पण व्यायामानं साखर आटोक्यात राहते, ताकद येते, तोल सुधारतो. एवढं नक्की आहे. आणि टाच न टेकवता करण्यासारखं खूप आहे."

दुसरी एखादी हिरमुसली असती. हिला मात्र ते 'माहीत नाही' फार आवडलं. इतके दिवस जो तो हिला सगळं माहीत असल्यासारखा बोलत होता. शेजारीण म्हणाली होती, आता पाय जाणार. नणंद म्हणाली होती, पथ्य पाळलं नाही, भोगा. नवरा म्हणाला होता, बस. आणि इथे ही एवढी शिकलेली बाई सरळ सांगत होती की अजून काही ठरलेलं नाही. सहा नंबरला लढायला एवढी जागा पुरे होती.

घरी तिनं स्टुलावर बसून पाय सरळ उचलायला सुरुवात केली. मांडी थरथरायची. "धाड निरोप, मेले," ती मांडीला म्हणायची. "आयुष्यभर माझ्या जिवावर पोसलीस, एक निरोप धाडायला काय होतंय?" नवरा दारातून बघत राहायचा. त्याला वाटायचं, दुखण्यानं डोक्यावर परिणाम झाला. पाण्यानं भरलेल्या दोन बाटल्या तिनं हातात घेतल्या, खांदे वर, खाली. रागानं गोळ्या वेळेवर घेतल्या. रागानं आरशात टाच बघितली. काही जण भक्तीनं बरे होतात, काही आशेनं. हिचा सगळा कारभार रागावर चालला. आणि राग कुणावर? तर त्या वर चढणाऱ्या मुकेपणावर. पेनानं तिनं घोट्याभोवती एक रेघ काढली होती आणि नवऱ्याला बजावलं होतं, "ही माझी हद्द. हिच्या वर त्याला येऊ देणार नाही."

जखम भरली. मग डॉक्टरनं परवानगी दिल्यावर स्टुलावरून हात न टेकता उठणं, बसणं, पुन्हा उठणं. मग मऊ तळाच्या, रुंद तोंडाच्या बुटात चालणं. पोटऱ्या आईच्या असायच्या तशा काटकुळ्या झाल्या होत्या, त्या हळूहळू भरल्या. एकदा नवऱ्यानं बाजारातून आणलेली जड पिशवी हिनं त्याच्या हातातून हिसकावून जिना चढून वर नेली, आणि तो मागून धापा टाकत आला. त्या दिवसापासून त्यानं 'बस' हा शब्द काढला नाही. उलट दुसऱ्या दिवशी गुपचूप तिच्या शेजारी दुसरं स्टूल मांडून तोही उठायला-बसायला लागला.

अभ्यासाचं रक्त दुसऱ्यांदा घ्यायला गेली तेव्हा तिनं डोळे मिटून तळवा पुढे केला. धागा टेकला. पुन्हा टेकला. काही नाही. पहिल्यासारखंच काही नाही.

"मग एवढं सगळं कशासाठी केलं मी?" ती जवळजवळ ओरडली. डोळ्यांत पाणी आलं ते तिला मुळीच आवडलं नाही.

डॉक्टरनं तिला ओरडू दिलं. मग म्हणाली, "संप्रेरकाचे आकडे सगळ्यांचे एकत्र लागतील तेव्हा कळतील. पण साखर उतरलीय. जखम भरलीय. आणि मागच्या वेळी घोट्यापर्यंत कळत नव्हतं, आजही घोट्यापर्यंतच कळत नाही. वर चढलेलं नाही." मग तिनं जोडलं, "सध्या तरी."

सहा नंबरनं डोळे पुसले. "सध्या तरी," ती म्हणाली, "तेवढं मला पुरतं. उद्याचं उद्या बघेन." आणि जाता जाता तिनं विचारलं, की नवे बूट थोडा वेळ पायात घातले तर चालेल का. डॉक्टरच्या कपाळावर आठ्या पडल्या. आत हात घालून बघितल्याशिवाय नाही, थोडाच वेळ, आणि काढल्या काढल्या पाय तपासायचा. लाल झालेलं दिसलं तर तो बूट पुन्हा पायात नाही. हिनं मान डोलावली. हात घालून! आयुष्यभर जे हसण्यावारी नेलं, तेच आता गळ्यात.

कारखान्याचा मालक आपणहून घरी आला. हातात फळं, तोंडावर साखर. हिच्या मागे त्यानं शिलाईवालीला नमुने घालायला लावले होते. तिचाही पाय सहा नंबरचाच, दोन पोरांची आई, नुकती लागलेली. पण ती बिचारी मालकाच्या तोंडाकडे बघायची आणि प्रत्येक बुटाला "छान आहे" म्हणायची. दोन खेपांचा माल चावतो म्हणून परत आला होता.

"तू ये," मालक म्हणाला. "खरेदीवाली बाई तुझ्याच शब्दावर माल उचलते. कळत नसेल तर नसू दे. कळत नाही हे कुणाला कळतंय? फर्मेवाला आधी आत हात घालून बघेल. तू फक्त चालायचं आणि पास म्हणायचं."

नमुन्याच्या दिवशी येते, एवढंच ती म्हणाली. खरं सांगितलं तर ते स्टूल, तो चालायचा पट्टा, यंत्रं थांबल्यावरची ती शांतता, सगळं गेलं. मग ती कोण? पाय मुका झालेली एक बाई, आणि अशा बायका गल्लोगल्ली होत्या. खोटं बोललं तर सगळं होतं तसं. मालक गेल्यावर ती बराच वेळ स्वतःच्या पायांकडे बघत बसली. मग उठून व्यायामाला लागली, कारण विचार करायची तिची तीच एक पद्धत उरली होती.

नमुन्याच्या दिवशी यंत्रं थांबली. खरेदीवाली बाई खुर्चीत, मालक तिच्या बाजूला. बूट टोकदार, देखणा. फर्मा अरुंद आहे असं फर्मेवाला आधीच कुरकुरला होता, पण मालकाला तोच हवा होता. सहा नंबर स्टुलावर बसली. सगळ्यांसमोर तिनं बुटात हात घातला आणि आतला तळ बोटांनी टोकापर्यंत चाचपला. कुणी तरी श्वास आत ओढला. मग तिनं बूट चढवले आणि चालली. खिडकीपर्यंत, परत, जिना वर, जिना खाली. पावलं ठाम पडत होती. पोटऱ्या घट्ट.

"काय म्हणते सहा नंबर?" खरेदीवाल्या बाईनं विचारलं.

"सहा नंबरला काही कळत नाही," ती म्हणाली.

मालक मोठ्यानं हसला. "चेष्टेखोर आहे."

"चेष्टा नाही. मला साखरेचा आजार आहे. घोट्याच्या खाली दोन्ही पाय मुके आहेत. खिळा घुसला तरी कळत नाही, तेही करून बघितलंय." बोलता बोलता ती खाली बसली, बूट काढले, मोजे काढले, आणि पाय उचलून समोर धरला. करंगळीच्या बुडाशी लालभडक पट्टा उठला होता. "पण पाय बोलत नसला तरी लपवत नाही. हे बघा. एवढ्याशा चालण्यात हे. ज्या बाईला कळत नाही ती हा बूट दिवसभर घालेल, आणि घरी जाऊन मोज्यात रक्त बघेल. हा बूट नापास."

खरेदीवाली बाई वाकून तो लाल पट्टा बघत राहिली. मालकाचा चेहरा उतरला आणि मग चढला. "आजारी पायाचं काय घेऊन बसलात?" तो म्हणाला. "धडधाकट पाय आणू." त्यानं शिलाईवालीला हाक मारली. "घाल. चाल."

ती उठून आली. बूट घातले. पहिल्याच पावलाला तिचा खांदा वर गेला आणि ओठ मिटले गेले. खिडकीपर्यंत गेली, परत आली. मालकाकडे बघितलं. "छान आहे," ती म्हणाली.

"ऐकलंत?" मालक म्हणाला. मग सहा नंबरकडे वळला. "तुला आता ठेवू तरी कशाला?"

ती अनवाणीच उभी राहिली. थंड फरशी तिच्या तळव्यांना कळत नव्हती, पण गुडघे सरळ होते आणि आवाजही.

"हिला कळतं, पण ही बोलत नाही," ती म्हणाली. "मला कळत नाही, पण मी बोलते. कोणती ठेवायची ते ठरवा. मी काही माझ्या पायानं इथून जाणार नाही. काढायचं असेल तर तसं तोंडानं म्हणा, या सगळ्यांसमोर."

फर्मेवाला आपला हातोडा खाली ठेवून पुढे आला होता. खरेदीवाली बाई आता पायाकडे बघत नव्हती. ती शिलाईवालीकडे बघत होती.

शिलाईवालीनं स्टुलाचा आधार घेतला. एक बूट काढला. दुसरा काढताना तिचे डोळे भरून आले.

"चावतोय," ती म्हणाली. "पहिल्या पावलापासून चावतोय."